दोन ब्रेकची गाडी

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, टपाल कार्यालयासमोरच्या वळणावर, ड्रायव्हिंग स्कूलच्या पांढऱ्या गाडीने पाव पोचवणाऱ्या बाईच्या सायकलला धडक दिली. गाडीचा वेग फार नव्हता. सायकल आडवी झाली, पावांचा क्रेट फुटपाथवर उपडा झाला आणि बाईचं मनगट मोडलं. गाडीला दोन ब्रेक होते, एक चालवणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शिकवणाऱ्याच्या. रस्त्यावर टायर घासल्याची एकही खूण नव्हती. क्लच सुटला म्हणून गाडी बंद पडली, एवढंच.

पोलिसाने गाडीभोवती एक फेरी मारली. दारावरची पाटी वाचली.

"कुंपणानेच शेत खाल्लं म्हणायचं. चालवत कोण होतं?"

"मी," औषधांचं दुकान चालवणाऱ्या काकू म्हणाल्या.

"शिकताय?"

"नाही. लायसन्स आहे. मुलगी शाळेत जायला लागली त्या वर्षीचं."

"मग शिकायच्या गाडीत काय करताय?"

काकूंनी शेजारी पाहिलं. शेजारी त्यांचे यजमान, म्हणजे खुद्द ड्रायव्हिंग मास्तर, पाटीवर ज्यांचं नाव होतं ते, काचेतून समोर बघत बसले होते. पावाची एक लादी बॉनेटवर येऊन पडली होती. ती त्यांना दिसत होती. सायकल दिसली नव्हती.

"ब्रेक का मारला नाही?" पोलिसाने विचारलं.

प्रश्न कोणाला होता ते स्पष्ट नव्हतं. 

गावातल्या निम्म्या लोकांना गाडी चालवायला मास्तरांनी शिकवलं होतं. उरलेल्या निम्म्यांना त्यांच्या शिष्यांनी रस्त्यातून बाजूला व्हायला शिकवलं, असं जावई म्हणत असे. जावयाने लायसन्स दुसऱ्या स्कूलमधून काढलं होतं, लग्नाच्या आधी, अजाणतेपणी. ती गोष्ट सासऱ्यांनी विसरल्यासारखं केलं होतं, विसरले नव्हते.

स्कूल म्हणजे घराचीच, रस्त्याला लागून असलेली एक खोली. भिंतीवर लोखंडी फळा. त्यावर खडूने चौक काढायचे आणि चुंबकाच्या छोट्या गाड्या सरकवत कोणी आधी जायचं ते समजावायचं. अलीकडे मात्र त्या फळ्यावर चौक नव्हता. फळाभर एक वेडीवाकडी रेघ होती. तिच्या डाव्या अंगाला निळ्या खडूने समुद्र, उजव्या अंगाला हिरव्या खडूने डोंगर. मध्येच रेघ समुद्र सोडून डोंगरात शिरत होती आणि तिथे मास्तरांनी द्राक्षांचे घड काढले होते. ते घडांपेक्षा टायरच्या ढिगासारखे दिसत. लाल चुंबकाची गाडी सुरुवातीला, विमानतळावर उभी होती.

हा रस्ता क्लचने सुचवलेला होता. क्लच हा मास्तरांचा जुना विद्यार्थी. शिकताना त्याने गाडीच्या क्लच प्लेटा दोनदा जाळल्या, म्हणून ते नाव. पुढे तो परदेशी गेला आणि समुद्राकाठच्या डोंगरातल्या एका वाईनच्या कारखान्यात लागला. दर वर्षी एक फोटो पाठवायचा. कड्याच्या कडेने वळत गेलेला रस्ता, खाली पाणी, वर द्राक्षमळे. खाली ओळ ठरलेली: "मास्तर, हा रस्ता तुमच्यासाठी बांधलाय. तुम्ही कधी येताय?"

मास्तर दर वर्षी म्हणायचे, पुढच्या उन्हाळ्यात. आणि तिथेच घोडं पेंड खायचं. उन्हाळा म्हणजे स्कूलचा सीझन. कॉलेजं सुटली की पोरं रांगेने शिकायला येतात, तेव्हा मास्तर गाव सोडून जाणार कसे? मळ्यात पानं असतात ती उन्हाळ्यात, आणि शिष्यही उन्हाळ्यातच. अशी वर्षं गेली. तरी बेत पक्का होता. गाडी मास्तर चालवणार. वाईन काकू चाखणार. मास्तरांनी जन्मात थेंब घेतला नव्हता, कारण सकाळी सहाला पहिली बॅच असायची. काकूंनी एकदा औषधविक्रेत्यांच्या मेळाव्यात अर्धा ग्लास घेतला होता आणि अध्यक्षांचं भाषण संपेपर्यंत झोप काढली होती.

"हिला चाखायला नेणं म्हणजे झोपायला नेणं," मास्तर म्हणायचे. "मला बरंच आहे. मागून सूचना येणार नाहीत."

मग हिवाळ्यात काचबिंदू निघाला.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईही मास्तरांच्याच विद्यार्थिनी. रिव्हर्स घेताना त्यांनी स्कूलचं फाटक पाडलं होतं. त्यांनी मास्तरांना एका यंत्रासमोर बसवलं. समोर बघायचं, कडेला बारीक दिवा लागला की हातातलं बटण दाबायचं. मास्तरांनी थोडा वेळ अंदाज घेतला. दिवे एका ठरावीक लयीत लागत होते. ती लय पकडून त्यांनी भराभर बटण दाबायला सुरुवात केली.

"मास्तर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही दिवा लागायच्या आधीच दाबताय."

"सवय आहे. धोका दिसायच्या आधी दाबायचा असतो."

"इथे नाही."

त्यांनी पुन्हा तपासणी केली आणि गाडी चालवणं बंद करायला सांगितलं. काकू तेव्हा बाहेर बाकावर होत्या. मास्तरांनी बाहेर येऊन सांगितलं ते एवढंच: "कड थोडी धूसर आहे म्हणते. रोज थेंब घालायचेत. आणि गाडी तू चालवायची."

त्या रात्री जेवताना ते हसतही होते. "बघ नशीब. आता पिणं माझ्याकडे आलं आणि चालवणं तुझ्याकडे."

उन्हाळ्याच्या बॅचेस त्यांनी यंदा घेतल्या नाहीत. हाताखालच्या शिक्षकाकडे सोपवल्या. तिकिटं काढली. तिकडची भाड्याची गाडी ठरवली. चालकाचं नाव आणि लायसन्स तेवढं शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळवायचं राहिलं होतं, कारण काकू म्हणाल्या होत्या, आधी माझा हात बसू दे. मग रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी सराव सुरू झाला. स्कूलच्या गाडीतच, कारण घरात दुसरी गाडी कधी आलीच नाही. लोहाराच्या घरी विळी बोथट म्हणतात तसं.

सरावाची पद्धत जुनीच होती. काकू शिकत होत्या तेव्हा मास्तरांनी ती घालून दिली होती. काकूंना चौकात दोन्ही बाजू एकदम बघायच्या म्हटलं की हातपाय गळायचे. तेव्हा मास्तर म्हणाले होते, "हे बघ, वाटणी करू. उजवीकडचं तू बघ. डावीकडचं माझ्यावर सोड."

कोणत्याही विद्यार्थ्याला त्यांनी हे सांगितलं नव्हतं. बायकोला सांगितलं. आणि इतकी वर्षं ते चाललं होतं.

त्या सकाळी डावीकडे वळायचं होतं. काकूंनी उजवीकडे पाहिलं, रस्ता मोकळा होता. त्यांनी चाक फिरवलं. डावीकडून सायकल सरळ चालली होती.

गाडी मेकॅनिककडे गेली. पोलिसांना दोन्ही ब्रेक चालू होते असं लिहून हवं होतं. मेकॅनिक गाडीखालून सरपटत बाहेर आला आणि हात पुसत म्हणाला, "ब्रेकला काही झालेलं नाही. दोन्ही नव्यासारखे आहेत. वहिनी, तुम्ही मारलाच नाही का?"

"मारते ना मी नेहमी," काकू म्हणाल्या. "पाय ठेवला की खाली जातो."

मेकॅनिकने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर फाटकाकडे बघत होते. मग त्याने काकूंना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं.

"पाय ब्रेकवर नुसता ठेवा. दाबू नका." तो शेजारी बसला आणि त्याने मास्तरांच्या बाजूचं पेडल दाबलं. काकूंच्या पायाखालचं पेडल अलगद खाली गेलं. "हे दोन्ही एका दांड्याने जोडलेले असतात. इकडून दाबलं की तिकडचं आपोआप जातं. तुम्हाला वाटणार, आपणच दाबला."

काकूंनी पाय काढून घेतला. पुन्हा ठेवला. "पुन्हा दाबा बरं."

त्याने पुन्हा दाबला. पेडल पुन्हा गेलं.

"असंच जातं," काकू म्हणाल्या. "नेहमी असंच जातं."

घरी येताना त्या आणि मास्तर रिक्षाने आले. अर्ध्या वाटेवर काकूंनी विचारलं, "अहो, माझ्या परीक्षेच्या दिवशी इन्स्पेक्टर मागे बसला होता. पुढे तुम्ही होता."

"हो."

"तेव्हा कोणी दाबला होता?"

"आता ते कुठलं आठवायला."

मास्तरांना प्रत्येक विद्यार्थ्याची परीक्षा आठवत असे. कोणाची गाडी चढावर मागे आली, कोणी इंडिकेटर विसरला, कोणाला इन्स्पेक्टर काय म्हणाला, तारखेसकट.  रिक्षा थांबली तेव्हा मास्तरांचा पाय रिक्षाच्या पत्र्यावर दाबलेला होता.

दुसऱ्या दिवशी त्या त्यांच्याबरोबर तपासणीला आत गेल्या. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर हिवाळ्यातला नकाशा काढला आणि शेजारी आजचा. खिडकीच्या काचेवर कोणी चारही बाजूंनी काळा कागद चिकटवत आणावा आणि मध्ये बशीएवढी जागा ठेवावी, असं ते चित्र होतं. डावीकडचा कागद सगळ्यात आत आला होता. हिवाळ्यातही तो बराच आत होता.

"ही धूसर कड?" काकूंनी विचारलं.

मास्तर म्हणाले, "समोरचं लख्ख दिसतं."

"समोरचं दिसतं, बरोबर आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तेवढंच दिसतं. मास्तर, तुम्ही मला म्हणालात गाडी चालवत नाही."

"नाही चालवत. बसतो."

"पुढच्या उन्हाळ्याला ही बशी राहील का?" काकूंनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "थेंब चालू ठेवायचे. पण तेवढं मी सांगू शकत नाही, काकू."

रविवारी मुलगी आणि जावई आले. मुलगी आल्या आल्या फळ्यासमोर उभी राहिली. मास्तरांची मुलगी गाडी चालवत नसे. बापाच्या हाताखाली तीनदा शिकायला बसली आणि तीनदा चौकात उतरून पायी घरी आली.

"आई, हे पुसून टाक आता," ती म्हणाली.

"असू दे," मास्तर म्हणाले.

"बाबा, एका बाईचा हात मोडलाय."

"माहीत आहे. मी तिथेच होतो."

"तेच तर. तिथे असून उपयोग काय झाला?"

जावई मध्ये पडला. त्याने शोधाशोध करून ठेवली होती. तिकडे बसच्या सहली असतात, तोच समुद्र, तेच मळे, हॉटेलासकट. "पाय लांब करून बसायचं. दर संध्याकाळी वाईन. कोणाला काही चालवायचं नाही."

"जावईबापू, बसमध्ये खिडकी कुठे असते?" मास्तरांनी विचारलं.

"बाजूला."

"माझी बाजू गेली. मला आता समोरचंच उरलंय. बसमध्ये मला पुढच्या सीटची पाठ दिसणार. गाडीत पुढे बसलो तर रस्ता दिसेल. रस्त्याच्या टोकाला समुद्र आला तर समुद्र दिसेल. मला एवढंच बघायचंय."

 जावई पाणीपुरवठ्यात इंजिनिअर होता. चांगला चालवायचा, हे मास्तरही खासगीत मान्य करत. पण उन्हाळ्यात पाणी खात्यात रजा हा शब्द कोणी उच्चारत नाही. त्याने तरी अर्ज करून पाहिला होता. साहेबाने अर्ज वाचून त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने तो स्वतःच परत घेतला.

क्लचला फोन लावला. तिकडे मळ्यातून यंत्राचा आवाज येत होता.

"काकू, रस्ता एकदम रिकामा असतो. शेळ्या असतात फक्त."

"तू चालवशील का?"

"मी एक रविवार काढू शकतो. बाकी आमचं फवारणीचं काम असतं. भाड्याने माणूस बघू का? मी विचारलं होतं एकाला. त्याने सांगितलेला आकडा ऐकून मी त्याला म्हटलं, गाडी विकत मागत नाहीये." मग त्याचा आवाज खाली आला. "मास्तर ऐकतायत का?"

"ऐकतोय," मास्तर म्हणाले.

"मास्तर, काकूंना शिकवा ना. तुम्ही मला शिकवलंत. मला! याहून अवघड काय असणार?"

कोणीतरी हसायला हवं होतं. मुलगी थोडी हसली.

पाववाल्या बाईला भेटायला काकू एकट्याच गेल्या. बेकरीच्या मागे एका खोलीत ती राहत होती. हाताला प्लॅस्टर, दुसऱ्या हाताने चहा ओतत होती. काकूंनी हाडांसाठीच्या गोळ्या नेल्या होत्या.

"काकू, एक विचारू? तुम्ही मला बघितलंच नाही की बघून आलात?"

"बघितलं नाही."

"मी घंटी वाजवली होती."

"ऐकली. मला वाटलं, ह्यांनी बघितलं असेल."

बाईने कप पुढे सरकवला. "माझा नवरा असाच म्हणायचा. मला वाटलं, दार तू लावलंस. दोनदा चोरी झाली." तिने प्लॅस्टरचा हात मांडीवर घेतला. "सगळे म्हणतायत तुम्ही समुद्रावर जाणार होता. जाणार का मग?"

"माहीत नाही."

"जा बाई. पण निघाल तेव्हा मला आधी सांगा, मी घरातच बसेन."

"आम्ही परदेशी जातोय."

"तरी सांगा."

तिथून काकू थेट मेकॅनिककडे गेल्या आणि मास्तरांच्या बाजूचं पेडल काढायला सांगितलं. मेकॅनिकने विचारलं, मास्तरांना विचारलंत का. काकू म्हणाल्या, तिकडच्या गाडीला नसणार आहे, मग इथे कशाला.

मास्तर काकूंबरोबर गाडी आणायला गेले तेव्हा त्यांनी खाली वाकून हात फिरवला. दांडा नव्हता. भोकावर रबराचा तुकडा बसवला होता.

"मास्तर, आता उंटावरून शेळ्या हाकणं बंद," मेकॅनिक म्हणाला. मग लगेच म्हणाला, "चहा घेता?"

"नको," मास्तर म्हणाले.

गुरुवारी सकाळी काकूंनी गाडी बाजारामागच्या मोकळ्या मैदानात नेली. तिथे काही अडचण नव्हती. त्या ब्रेक दाबत होत्या आणि गाडी थांबत होती, जरा हिसक्याने, पण थांबत होती. पहिल्यांदा थांबली तेव्हा मास्तरांचं डोकं पुढे गेलं. "जोर कमी," ते म्हणाले आणि मग जीभ चावली. बोलायचं नाही असं ठरलं होतं.

मैदानातून बाहेर पडल्यावर टपाल कार्यालयाचं वळण आलं. काकूंनी गाडी थांबवली. उजवीकडे पाहिलं. मोकळं होतं. डावीकडे पाहिलं. मोकळं होतं. पण डावीकडे बघेपर्यंत उजवीकडे काय झालं असेल ते कळायला मार्ग नव्हता, म्हणून पुन्हा उजवीकडे पाहिलं. एक स्कूटर येत होती. ती जाऊ दिली. मग पुन्हा डावीकडे.

मागून हॉर्न वाजला.

"अहो, डावीकडे काही आहे का?"

"मला विचारू नकोस."

"सांगा ना."

"अगं, मी नाही म्हटलं आणि तू निघालीस तर?"

मागच्या गाडीवाल्याने त्यांना वळसा घालून जाताना काच खाली केली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि आत मास्तरांना बघून "नमस्कार मास्तर" म्हणाला. तोही त्यांच्याकडेच शिकला होता.

शेवटी काकूंनी इंजिन बंद केलं. दोघांनी गाडी ढकलून कडेला घेतली. काकू दारातून चाक धरून ढकलत होत्या, मास्तर मागून. दुपारी हाताखालचा शिक्षक येऊन ती स्कूलवर घेऊन गेला.

त्या रात्री मुलीचा फोन आला. भाड्याच्या गाडीवाल्या कंपनीचा आठवण करून देणारा मेसेज पुन्हा आला होता, उद्या संध्याकाळी पाचपर्यंत चालकाचं नाव हवं, नाहीतर गाडी दुसऱ्याला जाईल. "आई, रद्द करू का?"

काकूंनी फळ्याकडे पाहिलं. मास्तर फळ्यासमोर खुर्ची घेऊन, अगदी जवळ बसले होते. दूरवरून त्यांना तो अख्खा दिसला असता. जवळून एक वळण दिसत होतं. ते बघून झालं की मान सरकवून पुढचं वळण.

"थांब," काकू म्हणाल्या. "सकाळी सांगते."

शुक्रवारी सकाळी सात वाजता पांढरी गाडी पुन्हा टपाल कार्यालयासमोरच्या वळणावर उभी असलेली लोकांनी पाहिली. डावा इंडिकेटर चालू होता. चाकावर काकू होत्या, त्यांची मान उजवीकडून डावीकडे आणि डावीकडून उजवीकडे फिरत होती. मास्तरांनी दोन्ही पाय सीटवर वर घेतले होते, मांडी घालून, आणि गुडघे हातांनी धरून ठेवले होते. मागे तीन गाड्या थांबल्या होत्या. हॉर्न कोणी वाजवत नव्हतं.